बेसिनची भिंत, बेसिनचं पाणी
वाचकांचे प्रश्न

बेसिनविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. दुकानात आपला सगळा वेळ भांड्याचा आकार आणि रंग बघण्यात जातो. पुढं त्रास देतात ते भांड्यामागची भिंत, खालचा ट्रॅप (थोडं पाणी साचवून गटाराचा वास अडवणारी वाटी) आणि नळातून येणारं पाणी. पत्रांतल्या तक्रारीही त्यांच्याच आहेत.

प्रश्न : आमचं घर चिऱ्यांचं, जुनं. न्हाणीत भिंतीवर लावलेलं बेसिन दोन वर्षांत पुढं झुकलं. प्लंबर म्हणतो, चिऱ्याची भिंत बेसिन धरत नाही, पेडेस्टल (बेसिनखालचा उभा खांब) घ्या. हे खरं का? (वाचक, फोंडा)

उत्तर : चिरा बेसिन धरतो, पण त्यात बोल्ट बसवायची रीत वेगळी आहे. बाजारात मिळणारा नेहमीचा फास्टनर आवळला की भोकात फुगतो आणि बाजूंवर दाब देऊन अडकून राहतो. काँक्रीटमध्ये हे उत्तम चालतं. चिरा म्हणजे जांभा दगड, त्यात मात्र पोकळ्या असतात, मधेमधे मऊ माती असते. तिथं फुगलेला फास्टनर दगडाचा भुगा करतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, मग रोज कुणीतरी तोंड धुताना कडेवर हात टेकतं आणि भोक सैल होत जातं. चिऱ्यांमधला सांधा मातीचा असेल आणि भोक नेमकं सांध्यात पडलं असेल, तर दोन वर्षं टिकलं हेच पुष्कळ.

आता असं करा. बेसिन उतरवून ते पालथं घाला आणि त्याच्या मागच्या दोन भोकांतलं अंतर मोजा. कॅटलॉगातल्या आकड्यावर जाऊ नका, भाजताना चिनीमाती थोडी आकसते आणि नगागणिक फरक पडतो. प्रत्येक बोल्टच्या जागी गिलावा काढून चिऱ्यात साधारण १०० मि.मी. रुंद, १०० मि.मी. उंच आणि तेवढाच किंवा थोडा जास्त खोल खड्डा घ्या. शक्यतो सांधा टाळा. धूळ पूर्ण झाडा आणि खड्डा पाण्यानं चांगला भिजवा. कोरडा चिरा काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतो आणि ते कच्चं राहतं. मग १:२:४ प्रमाणाचं, बारीक खडीचं काँक्रीट ठासून भरा आणि त्यात आतल्या टोकाला वाकवलेले स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवा. दोन बोल्टांतलं अंतर हलू नये म्हणून प्लायच्या तुकड्याला त्या मापाची दोन भोकं पाडून तो तुकडा बोल्टांवर चढवून ठेवा. सात दिवस पाणी मारा. तोवर बेसिन टांगू नका, कितीही घाई असली तरी.

पुन्हा बसवताना कडेची उंची तयार फरशीपासून ८०० ते ८५० मि.मी. ठेवा. नवी फरशी घालायची असेल तर तिची जाडी आधी धरा. नट आणि चिनीमाती यांच्यामध्ये प्लास्टिकचा वायसर हवाच. पाणसळ ठेवून दोन्ही नट आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा आवळा. चिनीमाती वाकत नाही, थेट तडकते. भिंत आणि बेसिन यांच्यातली फट बुरशीरोधक सिलिकॉननं भरा. पांढरा सिमेंट पहिल्याच पावसाळ्यानंतर केसासारखा फाटतो आणि त्या रेषेत काळी बुरशी धरते.

पेडेस्टल घेतलंत तरी बोल्ट लागतातच. ते थोडा भार घेतं आणि पाइप झाकतं. पण जिथं रोज बादलीनं आंघोळ होते त्या ओल्या न्हाणीत त्याच्या पोटात झुरळं राहतात आणि ट्रॅप उघडायला हात जात नाही. आमच्या मते भिंतीवरचं उघडं बेसिनच बरं.

प्रश्न : दुकानात बेसिन कसं पारखावं? (वाचक, डिचोली)

उत्तर : विट्रियस चायना, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली चिनीमाती, मागा. ती पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून आतून काळी पडत नाही. रोजच्या वापराला ५५० × ४०० मि.मी. चांगलं, अगदी अरुंद जागेत ४५० × ३००. बोटाच्या पेरानं ठोकून पाहा, आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर कुठंतरी बारीक तडा आहे. मागची बाजू सरळ पट्टी लावून तपासा. ती वाकडी असेल तर भिंतीला कधीच नीट टेकणार नाही. शेवटी एक तांब्या पाणी ओता. सगळं पाणी जाळीकडे गेलं पाहिजे. कोपऱ्यात डबकं राहिलं तर तिथं साबणाचा थर कायमचा बसेल.

प्रश्न : ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर टेबलटॉप बेसिन बसवलं. तोंड धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळतं, नळाची धारही बारीक येते. (वाचिका, मडगाव)

उत्तर : कट्टा स्वयंपाकघराच्या मापानं, ८०० मि.मी.च्या आसपास घातला असणार. त्यावर दीडशे मि.मी. उंचीचं भांडं ठेवलं की कड साडेनऊशेवर जाते आणि हात वर उचलावे लागतात. कट्टा ६७० ते ७०० वर हवा होता. आता तो उतरवणं हाच खरा इलाज. ते जमत नसेल तर त्याच कट्ट्यात खालून बसणारं बेसिन घ्या, कड आपोआप कट्ट्याच्या पातळीला येईल.

धारेसाठी आधी खालचा अँगल कॉक (नळाकडे जाणारं पाणी बंद-चालू करणारा भिंतीतला छोटा कॉक) पूर्ण उघडा आहे का पाहा, मग नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा. तरी धार बारीकच राहिली तर टाकीची उंची मोजा. टाकीतलं पाणी नळापेक्षा ३ मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. बऱ्याच उंच, एका दांडीच्या (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या) मिक्सर नळांना यापेक्षा जास्त लागतो. कौलारू घरात, जिथं टाकी फार वर चढवता येत नाही, तिथं साधा पाव फेऱ्याचा नळ घ्या.

अशा भांड्याला बहुधा ओव्हरफ्लोचं भोक, म्हणजे जास्तीचं पाणी जायला कडेजवळ असतं ते, नसतं. त्याला फुल थ्रेड वेस्ट कपलिंग (भांड्याच्या तळाच्या भोकात बसणारा, पाणी खाली नेणारा जोड) लागतं. हाफ थ्रेडला बाजूला खाच असते. ओव्हरफ्लो नसलेल्या भांड्यात ते बसवलं तर पाणी खाचेतून कपलिंग आणि भांड्याच्या मधल्या फटीत शिरून खाली टिपकत राहतं.

प्रश्न : विहिरीच्या पाण्यानं बेसिनमध्ये तांबूस पट्टे पडतात. ब्लीचिंग घातलं तर अधिक गडद झाले. बाजारातलं ॲसिड ओतलं तर डाग गेले, पण जाळीचा मुलामाही गेला. (वाचिका, सांगे)

उत्तर : तो डाग लोहाचा आहे. जांभ्याच्या जमिनीतलं लोह पाण्यात विरघळलेलं असतं, म्हणून पाणी काढताना नितळ दिसतं. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो भांड्याला चिकटतो. ब्लीचिंगनं हीच क्रिया वेगानं होते, म्हणून डाग गडद झाला. दुकानातलं जळजळीत ॲसिड डाग काढतं, पण क्रोम खातं, फरशीचे सांधे खातं, आणि नुसत्या वाफेनंही शेजारचा नळ काळवंडतो. एक गोष्ट कधीही करू नका: ब्लीचिंग आणि ॲसिड एकापाठोपाठ ओतणं. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

तांब्याचं भाण घासायला आपल्याकडे चिंच किंवा सोलं घेतात, तीच युक्ती इथं चालते. दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवा. टिश्यू पेपर त्यात भिजवून पट्ट्यावर नीट चिकटवा, नाहीतर पाणी घसरून जातं. अर्ध्या तासानं कागद काढा. तो पिवळट झालेला दिसेल. मऊ स्पंजनं पुसा आणि भरपूर पाणी सोडा. जुना डाग दोन-तीन खेपांना जातो. कट्टा संगमरवरी असेल तर त्यावर थेंबही पडू देऊ नका, चकाकी जाते. तारेच्या घासणीनं मात्र कधीच घासू नका. तिचे ओरखडे उरतात आणि पुढचा डाग त्यातच बसतो.

पट्टा नळाच्या बरोबर खाली, एका रेषेत असेल तर नळ गळतो आहे. आधी वायसर किंवा स्पिंडल बदला, नाहीतर पट्टा परत येणारच.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो. गावचं घर चतुर्थीला उघडतो तेव्हा बेसिनमधून घाण वास येतो. (वाचक, पेडणे)

उत्तर : बॉटल ट्रॅपमध्ये ५० ते ७५ मि.मी. पाणी साचून असतं, तेच सोकपिटाचा (सांडपाणी मुरवणाऱ्या खड्ड्याचा) वास अडवतं. घर महिनोन्महिने बंद राहिलं की ते सुकतं आणि वाट मोकळी होते, झुरळांनाही. निघताना अर्धी बादली पाणी सोडा, वरून दोन-तीन चमचे खाद्यतेल ओता आणि भोकाला बूच लावा. तेलाच्या थरामुळं पाणी उडायला वेळ लागतो. फरशीवरच्या न्हाणी ट्रॅपलाही हेच करा.

एकदा खाली वाकूनही बघा. बेसिनचा लवचिक पाइप ट्रॅपशिवाय सरळ भिंतीत खुपसलेला असेल तर वास अडवायला तिथं काहीच नाही, आणि बॉटल ट्रॅप बसवावाच लागेल. राहत्या घरात वास येत असेल, पाणी जाताना गडगड आवाज होत असेल, तर भिंतीतल्या पाइपचा उतार तपासा. मीटरमागे २० ते २५ मि.मी. हवा. ट्रॅपची वाटी दर दोन-तीन महिन्यांनी खाली बादली ठेवून हातानं उघडा, केस आणि साबणाचा गाळ काढा, आतली रबराची रिंग जागेवर आहे ना ते बघून हातानंच बंद करा.

प्रश्न : नवं बेसिन, तरी खाली थेंब पडतात. प्लंबर दोनदा टेफ्लॉन (आट्यांवर गुंडाळायची पातळ पट्टी) गुंडाळून गेला. (वाचक, वास्को)

उत्तर : सगळं फडक्यानं कोरडं करा आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरचा तुकडा गुंडाळा. बूच लावून बेसिन भरा, मग एकदम सोडा. जो कागद आधी ओला होईल तो जोड दोषी. बेसिन भरलेलं असतानाच कपलिंगचा कागद भिजला तर वरच्या बाजूला, कपलिंगच्या कॉलरखाली सिलिकॉन कमी आहे. खाली रबर, मग प्लास्टिकचा वायसर, मग नट हा क्रम चुकला असेल तरी गळतं. या नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळून काही होत नाही, पाणी रबर अडवतं.

कनेक्शन पाइपचंही तसंच, त्याच्या नटाच्या आत वायसर असतो, तिथं टेफ्लॉन नको. टेफ्लॉन लागतं ते अँगल कॉक भिंतीत बसतो त्या आट्यांवर, आठ-दहा वेढे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. उलटं गुंडाळलं तर आवळताना ते गोळा होऊन बाहेर येतं. तुम्ही समुद्राजवळ राहता, म्हणून आणखी एक: नळ हातात घेऊन वजन बघा. पितळेचा नळ जड लागतो. हलका असेल तर खारट हवेत त्याचा मुलामा लवकर फुगतो. क्रोमवर साध्या पाण्याचं ओलं फडकं फिरवून ते लगेच कोरडं पुसा, रोज जमलं तर रोज.