युद्धसंग्रहालयाला जाण्यापूर्वी

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

प्रवासात एक युद्धसंग्रहालय वाटेवर आहे, बरोबरचे सगळे जाणार आहेत, पण दुसऱ्यांचे दुःख तिकीट काढून का पाहावे, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे.

आधी ते संग्रहालय कशाचे आहे ते शोधून काढ. मी पहिल्यांदा पाहिले ते शस्त्रांचे होते. दोन तास तोफांच्या पल्ल्याचे आकडे वाचले आणि बाहेर आल्यावर एकाही माणसाचा चेहरा आठवेना. याउलट पोलंडमधल्या आउश्वित्झला नाझींच्या छळछावणीचेच १९४७ मध्ये संग्रहालय झाले, आणि १४ वर्षांखालील मुलांना आणू नये असे तिथले व्यवस्थापनच सुचवते. ज्यांनी ती जागा जपली त्यांनीच मनाच्या ताकदीचा विचार केला आहे, तेव्हा तुझ्या संकोचाला भित्रेपणा म्हणण्याचे कारण नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला हिरोशिमाच्या एका गंजलेल्या तीनचाकी सायकलीत सापडते. अणुबॉम्ब पडला तेव्हा तीन वर्षांचा एक मुलगा तिच्यावर खेळत होता; तो गेल्यावर वडिलांनी त्याला सायकलीसकट घराच्या आवारात पुरले, आणि तब्बल ४० वर्षांनी, १९८५ मध्ये, ती उकरून काढून संग्रहालयाला दिली. त्याच संग्रहालयात भाजलेल्या माणसांचे पुतळेही होते. ते २०१७ मध्ये हलवले आणि खऱ्या वस्तूंवर भर दिला. पुतळे राहावेत असे म्हणणारेही होते, पण मला तो निर्णय पटतो. दुःखाचा तमाशा होतो तो मांडणीमुळे आणि आपल्या पाहण्यामुळे. ज्या बापाने सायकल स्वतः आणून दिली, त्याला ती कोणीतरी पाहावी असेच वाटले असणार.

बोलणारा कोण आहे, याकडेही लक्ष असू दे. व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह शहरातले युद्धसंग्रहालय १९७५ मध्ये उघडले तेव्हा त्याच्या नावातच अमेरिकेच्या गुन्ह्यांचा उल्लेख होता. १९९५ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळले, आणि त्याच वर्षी युद्धाचे अवशेष एवढाच अर्थ सांगणारे नाव आले. वस्तू बदलल्या नाहीत तरी पाटी बदलते, म्हणून पाट्या सावकाश वाच.

घरात नुकतेच कोणी गेले असेल, किंवा रात्री झोप लागत नसेल, तर या खेपेला जाऊ नकोस. त्यात कोणाचा अपमान नाही. एरवी मी जा असेच म्हणेन, मात्र सकाळी जा आणि त्या संध्याकाळी दुसरा बेत ठेवू नकोस. दालनात एकट्याने फिर, फोन पिशवीत राहू दे. अर्ध्यावरच पुरे वाटले तर बाहेर येऊन बस. उरलेली दालने पुढच्या भेटीसाठी राहतील. बरोबरच्यांना तसे आधीच सांगून ठेव, म्हणजे आत कोणी तुला शोधत फिरणार नाही.

तुझा,
जुना शिक्षक