वाचकांचे प्रश्न : बाबांचं चॅनल लॉक करू का?

मागच्या महिन्यात या सदरात ओघाओघात न्यूज चॅनलवरच्या भांडणांचा उल्लेख झाला आणि पत्रांची रीघ लागली. मी १९ वर्षं न्यूज डेस्कवर काढली, त्यातली सात वर्षं रात्री नऊच्या चर्चेची निर्माती म्हणून, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. त्यामुळे बऱ्याच पत्रांचा सूर 'तुम्हीच करून ठेवलंत, आता तुम्हीच निस्तरा' असा आहे. रास्त आहे. पाच पत्रं घेते. दाखले बरेचसे अमेरिकेतले येतील, कारण या विषयाची मोजमापं तिथे भरपूर झाली आहेत.

'माझे वडील ७१ वर्षांचे. निवृत्त झाल्यापासून घरात सकाळी सातला जे न्यूज चॅनल लागतं ते रात्री झोपेपर्यंत. पूर्वीही ते राजकारणावर वाद घालायचे, पण हसत हसत. आता माझ्या नवऱ्याची मतं वेगळी आहेत म्हणून त्याच्याशी धड बोलत नाहीत. "तुमच्यासारख्या लोकांनीच वाट लावली" हे पालुपद. हे चॅनलमुळे झालं की माणूसच बदलला? टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पिन टाकून ते चॅनल गुपचूप लॉक करू का?' (एक लेक)

लॉक करू नका. एक तर त्यांना ते अर्ध्या तासात कळेल, आणि कळलं की 'तुमच्यासारख्यां'च्या यादीत तुमचंही नाव चढेल.

तुमच्या पत्रातला मला टोचलेला शब्द तोच, 'तुमच्यासारखे लोक'. हे लोक बाबांना भेटतात कुठे? जावई तर घरातला, त्याला ते ओळखतात. बाकीचे त्यांना रात्री नऊला भेटतात, आणि कोणी भेटायचं हे ठरवणारी माझ्यासारखी कोणीतरी असते.

आमच्याकडे पाहुण्यांची एक वही होती. नाव, पक्ष, फोन नंबर आणि कोपऱ्यात पेन्सिलीने एक अक्षर. 'च' म्हणजे चढतो, 'थ' म्हणजे थंड. आमच्या चॅनलचा कल ज्या पक्षाकडे होता, त्याच्यातर्फे आम्ही आकडे तोंडपाठ असलेला, आवाज न चढवता बोलणारा माणूस बोलवायचो. समोरून मात्र 'च'. समोरच्या पक्षात अभ्यासू माणसं नव्हती असं नाही, त्यांचे नंबर त्याच वहीत होते. त्यांना फोन जायचा नाही, एवढंच. एकदा अर्थशास्त्राच्या एक प्राध्यापक आल्या. दोघांचं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, 'पहिल्या मुद्द्यावर यांचं बरोबर आहे, दुसऱ्यावर त्यांचं.' मी कंट्रोल रूममध्ये कपाळाला हात लावला आणि टॉकबॅकवर अँकरच्या कानात म्हटलं, 'पुढे चल, पुढे चल.' कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या नावापुढे 'थ' लिहिला तो मीच. पुन्हा कधी बोलावलं नाही.

म्हणजे बाबांनी इतकी वर्षं समोरच्या बाजूचा सर्वांत आक्रस्ताळा माणूस पाहिला आहे, तोही पडदाभर चेहरा करून. डायना मट्झ या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी यावर प्रयोग केले. दोन नटांना उमेदवार केलं आणि त्यांच्यात चर्चा घडवली. मुद्दे तेच ठेवले, पण एका चित्रीकरणात ते सभ्यपणे बोलतात, तर दुसऱ्यात एकमेकांना तोडतात, डोळे फिरवतात, हिडीसफिडीस करतात. कॅमेराही कधी लांब, कधी थेट चेहऱ्यावर. उर्मटपणा आणि जवळून दिसणारा चेहरा एकत्र आले की लोक सावरून बसत, मुद्देही त्यांच्या जास्त लक्षात राहत. पण आपल्याला न पटणाऱ्या बाजूलाही काही म्हणणं असू शकतं, हे मानायची तयारी कमी होई. आम्ही हा प्रयोग वाचलेला नव्हता. 'क्लोज घे, क्लोज घे' एवढं मात्र रोज ओरडायचो.

समोरच्यांची डोक्यात जी आकृती तयार होते ती किती वाकडी असते, हेही मोजलं गेलं आहे. डग्लस अहलर आणि गौरव सूद यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी लोकांना विचारलं होतं की तिथल्या उजव्या विचारांच्या रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांपैकी वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावणारे किती असतील? सरासरी उत्तर आलं ३८ टक्के. खरा आकडा २ टक्क्यांच्या आसपास. आणि राजकारणात ज्यांना रस जास्त, त्यांचे अंदाज जास्त चुकलेले. बाबा दिवसभर बातम्या बघतात म्हणजे त्यांना समोरच्या लोकांची जास्त माहिती असेल, हे गृहीतच सोडून द्या.

दुसरी गोष्ट, काय दाखवलं जात नाही ती. सप्टेंबर २०२० मध्ये, अध्यक्षीय निवडणूक तोंडावर असताना, डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला या संशोधकांनी रिपब्लिकनांकडे झुकलेल्या फॉक्स न्यूजच्या काही नेहमीच्या प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर, आठवड्याला सात तासांपर्यंत, सीएनएन हे त्यांना न पटणारं चॅनल बघायला लावलं. खरंच बघितलं का हे तपासायला मधून मधून प्रश्न विचारले. कोणी पक्ष सोडून गेलं नाही. पण कोविडबद्दल, टपाली मतदानाबद्दल जे त्यांच्या कानावरच आलं नव्हतं ते आलं आणि काही मतं मऊ झाली. 'आपल्या नेत्याने काही वाईट केलं तर आपलं चॅनल ते सांगणार नाही' हे मान्य करणारेही वाढले. मग पैसे थांबले, मंडळी आपल्या चॅनलवर परतली, आणि दोनेक महिन्यांत बहुतेक परिणाम विरून गेला.

म्हणून 'माणूस बदलला का' याचं माझं उत्तर असं, की बाबा तेच आहेत, त्यांच्यापुढे येणारं जग अरुंद झालं आहे. नऊच्या चर्चेवरून त्यांच्याशी भांडू नका, ती बनवलीच भांडणासाठी आहे. संध्याकाळच्या बातमीपत्राची पहिली दहा मिनिटं धरा. एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे त्यांच्या चॅनलच्या पहिल्या पाच बातम्या, उजवीकडे तुम्ही बघता त्या चॅनलच्या. मत लिहायचं नाही, फक्त मथळे. आणि पेन बाबांच्याच हातात द्या. आठवडाभर करा. तुमचाही रकाना तितकाच तोकडा निघणार आहे, तेवढी तयारी ठेवा. जावयाला त्यांच्यासोबत कसल्या तरी कामाला लावा, जिथे टीव्ही नाही. नळ गळत असेल तर उत्तम.

'चॅनल लोकांना भडकवतात असं सगळे म्हणतात. मला वाटतं, लोकांनाच जे हवं ते चॅनल दाखवतात. दुकानदार गिऱ्हाईक बघूनच माल ठेवतो.' (एक निवृत्त शिक्षक)

सर, अर्धं बरोबर. उरलेल्या अर्ध्याबद्दल आधी.

फॉक्स न्यूज ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झालं, पण सगळीकडे एकदम पोचलं नाही. कुठल्या गावच्या केबलवर ते आधी आलं, कुठल्या नंतर, यात बराचसा योगायोग होता. स्टेफानो डेलाविन्या आणि इथन कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांनी अशा नऊ हजारांहून जास्त गावांचं मतदान तपासलं. २००० सालापर्यंत त्यातल्या २० टक्के गावांत फॉक्स पोचलं होतं, आणि तिथे रिपब्लिकन मतांचा वाटा ०.४ ते ०.७ टक्के बिंदूंनी वाढलेला आढळला. आकडा चिमुकला दिसतो. पण त्या वर्षीची अध्यक्षीय निवडणूक फ्लोरिडात ५३७ मतांवर ठरली. पुढे ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू यांनी आणखी गमतीशीर धागा पकडला, रिमोटवरचा क्रमांक. जिथे चॅनलचा क्रमांक लहान, तिथे लोक चाळता चाळता त्यावर जास्त थांबतात, आणि मतंही थोडी तिकडे झुकतात. क्रमांक काही गिऱ्हाइकाने मागितलेला नसतो.

आता तुमचं अर्धं. ३ नोव्हेंबर २०२०च्या रात्री फॉक्सने ॲरिझोना राज्य रिपब्लिकन ट्रम्प यांच्या विरोधातल्या बायडन यांच्या पारड्यात टाकलं, इतर बहुतेक चॅनलांच्या आधी. प्रेक्षक खवळले आणि काही जण दुसऱ्या, आणखी कडव्या चॅनलकडे जाऊ लागले. त्यानंतर मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याचे दावे फॉक्सच्या पडद्यावर फिरत राहिले. डोमिनियन या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने खटला भरला, तेव्हा आतले संदेश बाहेर आले. त्या दाव्यांवर चॅनलमधल्याच बड्या मंडळींचा विश्वास नव्हता, आणि प्रेक्षक हातचे जातील याची धास्ती मात्र सगळ्यांना होती. एप्रिल २०२३ मध्ये ७८.७५ कोटी डॉलर मोजून तडजोड झाली.

ती धास्ती मी ओळखते. आमच्या बाजूच्या नेत्याला अडचणीची ठरेल अशी एक बातमी मी एकदा साडेआठला चालवली होती. बातमी पक्की होती. पुढच्या आठवड्यात प्रेक्षकसंख्येचा तक्ता आला तेव्हा त्या अर्ध्या तासावर खड्डा होता. संपादकांनी तक्ता माझ्या टेबलावर ठेवला, त्या खड्ड्यावर पेनाने एक गोल केला आणि चहा प्यायला निघून गेले. कोणी दम दिला नाही, वरून फोन आला नाही. पुढच्या वेळी तशी बातमी आली तेव्हा मीच ती सकाळी साडेसहाच्या बातमीपत्रात ढकलली.

तेव्हा सर, गिऱ्हाईक बघून माल ठेवतात हे खरं. रोज तोच माल खाऊन गिऱ्हाइकाची जीभ तशीच होते, हेही धरा.

'टीव्ही आता बघतो कोण? खरा दोष मोबाइलचा नाही का?' (एक महाविद्यालयीन वाचक)

लेव्ही बॉक्सेल, मॅथ्यू गेन्झको आणि जेसी शापिरो या तिघांनी २०१७ मध्ये नेमकं हेच तपासलं. अमेरिकेत ध्रुवीकरण सर्वांत जास्त वाढलं ते वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्यांत, म्हणजे इंटरनेट सर्वांत कमी वापरणाऱ्या गटात. म्हणून मोबाइल सुटला असं नव्हे. पण टीव्हीला निर्दोष सोडण्याची घाई करू नकोस. तुझ्या मोबाइलवर फिरणारी 'अमक्याने तमक्याची बोलती बंद केली' ही चाळीस सेकंदांची क्लिप कुठल्या स्टुडिओत तयार झाली, तेही एकदा बघ. तुझ्या पहिल्या प्रश्नात मात्र दम आहे. केबल न्यूज ऐन प्राइम टाइममध्ये बघणारे अमेरिकेतसुद्धा ३३ कोटींहून जास्त लोकांत एक कोटीही भरत नाहीत. बाकीचे दुसरं काहीतरी बघत असतात. पण प्रचाराला जाणारी, वर्गणी देणारी, उमेदवारांना घाम फोडणारी माणसं त्या थोडक्यांत भरपूर असतात.

'मी कुठल्याच पक्षाचा नाही. तरीही सगळी चॅनल मला माझ्या विचारांच्या विरोधातलीच वाटतात, अगदी मध्यम म्हणवणारीसुद्धा. म्हणजे मीच काय तो तटस्थ उरलो?' (एक वाचक)

१९८५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १४४ विद्यार्थ्यांना बातम्यांचे तेच ते तुकडे दाखवले. विषय होता १९८२ मधलं, लेबनॉनच्या बैरूतमधलं पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड. इस्रायलच्या बाजूची मुलं म्हणाली, हे इस्रायलच्या विरोधात आहे. अरबांच्या बाजूची म्हणाली, हे अरबांच्या विरोधात आहे. फीत एकच. आणि विषयाची माहिती जास्त असलेल्यांना हा पक्षपात कमी नाही, उलट जास्त दिसला.

उत्तर मिळालं असावं. रागावू नका.

'चॅनलना दोन्ही बाजू दाखवण्याची कायद्याने सक्ती का करत नाहीत?' (एक वकील वाचक)

वकीलसाहेब, हे करून झालं आहे. अमेरिकेत १९४९ पासून 'फेअरनेस डॉक्ट्रिन' होतं. सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त विषयांना वेळ द्या आणि विरोधी मतालाही वाजवी संधी द्या, असा परवानाधारक केंद्रांना दंडक. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९८७ मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, त्याला कायद्याचं रूप द्यायचा प्रयत्न केला तर अध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला, आणि त्याच वर्षी नियामकानेच तो मोडीत काढला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ या कडव्या उजव्या निवेदकाचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. एवढ्यावरून 'नियम गेला आणि सगळं बिघडलं' अशी सरळ गोष्ट सांगितली जाते. पण तो दंडक हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या केंद्रांपुरता होता. केबलवरच्या चॅनलांना तो लागूच पडत नव्हता. शिवाय वाद नको म्हणून वादाचा विषयच टाळायचा, ही पळवाट तेव्हाही वापरली जायची असा आक्षेप होता. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामकाचा निष्पक्षतेचा नियम आजही आहे. वर्तमानपत्रं तिथे उघड पक्षपाती, टीव्हीला मात्र तशी मुभा नाही. तो बरा चालतो असं माझं मत. पण नियम राबवणारा नियामक सरकारच्या मुठीत असेल, तर ते हत्यार पहिल्यांदा कोणावर चालेल हे तुम्हाला मी काय सांगायचं.

माझ्या मते नियमापेक्षा मोठा बदल दुसरीकडे झाला. मार्कस प्रायर या राज्यशास्त्रज्ञाने तो नीट दाखवला आहे. अमेरिकेत तीनच मोठी नेटवर्क होती तेव्हा संध्याकाळी तिन्हींवर एकाच सुमारास बातम्या लागत. राजकारणात अजिबात रस नसलेला माणूसही, दुसरं काही नाही म्हणून, त्या बघायचा. केबल आली आणि हा माणूस सिनेमा आणि खेळांकडे निघून गेला. बातम्यांपुढे उरले ते हाडाचे पक्षवाले. आम्ही नऊ वाजता त्यांच्यासाठीच दुकान मांडायचो.

ता. क. तीन वाचकांनी विचारलं आहे की मी स्वतः कुठलं चॅनल बघते. सकाळी रेडिओवरचं दहा मिनिटांचं बातमीपत्र. रात्री नऊला कधीतरी टीव्ही लावते, आवाज बंद करून. कोणाची खिडकी किती वेळा मोठी केली ते मोजते. परवा एका पाहुण्याची चौदा वेळा केली होती. नक्कीच 'च'.