पोरगं कविता वाचते, काही बिघडलं का?

"पोरगं कवितेच्या नादी लागलं" हे गाऱ्हाणं बुलढाणा-वाशीम भागातल्या आईबापांकडून मी सारखं ऐकते. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मिटलेली, मोबाईलवर विद्रोही कविता आणि घरात अबोला. असाच एक बाप विशीतल्या मुलाला माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आला. "मॅडम, याले समजवा. रातभर वाचते अन् सकाळी कोनाशी बोलत नाई."

बाप बाहेर गेल्यावर मुलगा म्हणाला, "वाचलं की बरं वाटते. मंग नळाकडं पाह्यलं की डोकं फिरते." गावची नळयोजना मारुतीच्या पारापाशी संपते. त्याच्या वस्तीला हापशी, आणि उन्हाळ्यात तीही कोरडी.

राग हा आजार आहे असं मी मानत नाही. माणूस आणि त्याचा प्रश्न वेगळे धरले की माणसाला श्वास घेता येतो, यावर माझा विश्वास आहे. इथे अडली होती पाइपलाइन, आणि भार मात्र या पोराच्या छातीवर आला होता. म्हणून कविता सोड असं मी म्हटलं नाही. उलट संत चोखोबांचा, म्हणजे चोखामेळ्यांचा, अभंग पुढे ठेवला. परंपरेने ते आपल्याच भागातले, देऊळगाव राजाजवळच्या मेहुणा राजाचे. म्हटलं, मोठ्याने वाच.

"धांव घाली विठू आता चालू नको मंद." पूर्ण वाचून तो वैतागला. "हे तर रडगाणं हाय."

"सांगतायत कोणाला?"

"इठ्ठलाले."

"मारतंय कोण?"

"बडवे."

"कशासाठी?"

तो पुढच्या ओळींवर आला. विठोबाचा हार तुझ्या गळ्यात कसा, तू देव बाटवलास, असं म्हणून विठ्ठलाचे हे पुजारी शिव्या देतात. तो गप्प झाला. मग एकेका ओळीवर बोट ठेवत पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. "मॅडम, कोनाकडं, कोनाविरुद्ध, कारन काय, समदं हाय याच्यात. हा तर अर्ज हाय!"

लहानपणापासून मी हा अभंग भजनात ऐकत आले. जवळपास ७०० वर्षांपूर्वीच्या या हाकेत तक्रारीची किती नेमकी मांडणी आहे, ते मला त्या मुलाने दाखवलं. इतकी वर्षं हे काम करण्याचं समाधान अशाच क्षणी मिळतं.

पुढच्या वेळी तो वही घेऊन आला: घरं किती, पाणी कधीपासून नाही, कोणाला सांगून झालं. हापशीवर बायकांसमोर त्याने आधी अभंग वाचला, मग अर्ज. कोणत्या पोरींची शाळा पाण्यापायी बुडते, ही भर बायकांनी घातली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. पाइप अजून यायचा आहे. ठरावाची प्रत त्याने माहिती अधिकारात मागितली आहे. बापाला घोर अभ्यासाचा होता. त्यांना सांगितलं, पंचायत राज त्याच्या परीक्षेलाही आहे, आता तो ते आपल्या गावावरून शिकतोय.

आईबापांनो, पुस्तक हिसकावू नका. "कोणती ओळ मनाला लागली?" एवढं विचारा आणि ती घरात मोठ्याने वाचायला लावा. रात्री एकट्याने वाचलेल्या कवितेतला राग आतच कुढत राहतो, चार माणसांत वाचली की कोणीतरी "मग आपण काय करायचं?" असं विचारतंच. मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्यात राम नाही अशी भाषा आली, तर कवितेला दोष देत बसू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. त्याच दिवशी फोन लावा, आणि लेकराजवळ बसूनच लावा.