आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी किकबोर्डवर रोज किती मीटर किक मारावी?

तुम्ही धुळ्याचे, १०० आणि २०० फ्रीस्टाईल पोहता, शेवटच्या पन्नास मीटरला पाय जड होतात आणि सर म्हणतात किकबोर्डवरचे, म्हणजे तरंगती फळी हातात धरून नुसते पाय मारायचे, मीटर वाढव. म्हणून किती, असं विचारलंय. माझ्या मते एकूण सरावाचा पाचवा हिस्सा किकला द्या. तीन हजार मीटर पोहत असाल तर सहाशे. पण त्यातलं निम्म्याहून जास्त बोर्डशिवाय करा. बोर्ड धरला की डोकं वर राहतं, कंबर खाली जाते, आणि शर्यतीत अंग ज्या स्थितीत कधीच नसतं त्या स्थितीत पाय मारायची सवय लागते. वर बोर्डवर गप्पा मारता येतात. बहुतेक कॉलेजांत किक म्हणजे गप्पांची वेळ, नाहीतर उशिरा येणाऱ्यांना शिक्षा. दोन्हींचा मला मनापासून राग आहे.

मी भडगाव तालुक्यातली. पोहायला शिकले ती शेतातल्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. डबा सुटल्यावर आप्पा पायरीवर बसायचे आणि मला मधोमध उभं तरंगायला लावायचे, दोन्ही हात पाण्याबाहेर. "थांबू नको वं, पाय हलाव!" एवढंच शिकवणं. विहिरीत पंचवीस मीटर सरळ जायला जागा नसते, त्यामुळे हातांना फारसं कामच नाही. पाय थांबले की नाकातोंडात पाणी. गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय फिरवले तर लगेच दम लागतो. मांडीच्या मुळापासून, घोटा सैल सोडून, लहान लहान आणि भराभर मारले की तरंगता येतं. पुढचा फटका जोरात आणि मागचा नुसताच ओढलेला असेल तर अंग कलतं, म्हणून दोन्हीकडे सारखाच जोर लावायला शिकावंच लागतं.

कॉलेजला जळगावला आले. तिथल्या आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर सांगितलं, "विहिरीतल्या पोरींना हात असतात, किक नसते." मी खोल बाजूला जाऊन उभी किक मारायला लागले की ओरडायचे, हे काय विहिरीतले खेळ! पाय मजबूत करायचे तर ग्राउंडला चकरा मारा, हा त्यांचा उपाय. पळून दम वाढतो, हे खरं. पण घोटा पळून सैल होत नाही, उलट पळणाऱ्यांचे घोटे बरेचदा ताठच असतात. फ्रीस्टाईलच्या किकमध्ये पाऊल मागे लांबवता आलं नाही तर मांडीत कितीही ताकद असो, पाणी मागे ढकललंच जात नाही. रोज वज्रासनात बसा, त्याने घोट्याचा पुढचा भाग मोकळा होतो.

आंतरविद्यापीठला पहिल्यांदा गेले ती १०० मीटर बॅकस्ट्रोकला. सुरुवात झाली, मी पाच-सहा मीटरवर वर आले आणि हात मारायला लागले. शेजारच्या लेनमधल्या मुली अजून पाण्याखालीच होत्या. डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून एकदम मारायची किक, मारत त्या माझ्या पुढे जाऊन वर आल्या. प्रत्येक टर्नला, म्हणजे भिंतीशी वळताना, तेच. आम्हाला पाण्याखालची किक कुणी शिकवलीच नव्हती. आणि ही काही नवी विद्या नव्हे. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफने १०० मीटर बॅकस्ट्रोकची सुरुवातीची तीसपेक्षा जास्त मीटर पाण्याखालून कापून प्राथमिक फेरीत ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. अंतिम फेरीत सुवर्ण जपानच्या दाइची सुझुकीने नेलं, तोही असाच पाण्याखालून गेला. शेवटी मर्यादा घालावी लागली. आज बॅकस्ट्रोक, फ्रीस्टाईल आणि बटरफ्लायला सुरुवातीनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरच्या आत डोकं वर यावंच लागतं. म्हणजे नियमाने प्रत्येक भिंतीला १५ मीटर दिलेत आणि आपली मुलं पाचवर वर येतात.

त्या दिवाळीच्या सुट्टीत विहीर तुडुंब होती. भाऊ घड्याळ घेऊन पायरीवर बसायचा. वीस सेकंद उभी डॉल्फिन किक, हात डोक्यावर लांब जोडलेले, तेवढीच विश्रांती, पुन्हा वीस. तलावावर परतल्यावर प्रत्येक टर्ननंतर पाण्याखाली एकेक किक वाढवत गेले, सराव कितीही दमवणारा असो, सोडली नाही. पुढच्या हंगामात निवड चाचणीला माझा वेळ दोन सेकंदांहून जास्त कमी झाला. प्रशिक्षक काय म्हणाले? "हात सुधारले तुझे."

मी वही पुढे केली. पायांत पुल बॉय (मांड्यांत धरायचा तरंगता तुकडा, म्हणजे पाय मारावे लागत नाहीत) धरून नुसत्या हातांनी पोहलेल्या शंभर मीटरची गेल्या वर्षीची आणि त्या महिन्याची वेळ तिच्यात होती, जवळपास सारखीच. नुसत्या किकची वेळ मात्र बरीच खाली आली होती. त्यांनी वही हातात घेतली नाही.

म्हणून तुम्हाला पहिलं काम हे सांगते: दर दोन आठवड्यांनी २०० मीटर नुसती किक पूर्ण जोराने मारा आणि वेळ लिहून ठेवा. त्यासाठी बोर्ड घ्या, त्याचा मुख्य उपयोग तोच. रोजची बोर्डशिवायची किक पाठीवर, हात डोक्यामागे लांब ठेवून, मग कुशीवर, मग खोल पाण्यात उभी. आणि किक सरावाच्या मध्यावर घ्या, पाय ताजे असताना. शेवटी उरलेल्या दहा मिनिटांत उरकलेल्या किकने शेवटचे पन्नास मीटर सुधारत नाहीत. २०० ला शेवटी पाय जड होतात, कारण मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू खूप खातात आणि तुमच्या पायांना त्या वेगाने सलग काम करायची सवय नाही. ती सवय लावायला आठ वेळा पन्नास मीटर किक मारा, मधे जेमतेम पंधरा सेकंद थांबून, शेवटचे दोन सर्वांत जोरात.

काही गोष्टी राहिल्या. ८०० आणि १५०० पोहणाऱ्यांना दोन ठोक्यांची किक, म्हणजे दोन्ही हातांच्या एका फेरीत दोनदाच पाय मारणं, पुरते, तिथे पाय वाचवणं बरोबरच आहे. तुमच्या अंतराला तो सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. ब्रेस्टस्ट्रोकची किक वेगळी, तिच्यात गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं तर त्या दिवशी थांबा. आणि श्वास रोखून पाण्याखालचा सराव एकट्याने कधीच करू नका, विहीर असो की तलाव. माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो आणि वरच्याला कळतही नाही. माझा भाऊ दोर घेऊन बसलेला असायचा.

महिनाभराने वेळ खाली आली की वही सरांना दाखवा. ते बघतील तर चांगलं. नाही बघितली तरी लिहिणं सोडू नका, आणि "हात सुधारले" म्हणाले तर पुल बॉय लावून त्यांच्यासमोर शंभर मीटर पोहून दाखवा.