नागपूर–मुंबई: तिकिटावरच्या दीड तासावर बेत आखू नका

सरळ रेघ ओढली तर अंतर जेमतेम ६८० किलोमीटर. समृद्धी महामार्गच ७०१ चा आहे. विमान हवेत सव्वा तासाच्या आसपास असतं. तिकिटावरची वेळ मात्र जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची धरतात, म्हणजे धावपट्टीपर्यंतची रांगही त्यात आली. गर्दीच्या वेळी मुंबईवर घिरट्या घालाव्या लागतात. मी खिडकीतून तीच खाडी तीनदा पाहिली आणि खाली मुलाखतीची वेळ टळून गेली, अजून हळहळ वाटते.

पहिलाच प्रवास आहे ना? मग सकाळचं पहिलं विमान घ्या, आधीच्या फेऱ्यांचा उशीर त्याच्या माथी येत नाही. सामान द्यायचं असेल तर दोन तास आधी पोहोचा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो.