व्हायरल ताप आणि मुलांचा मधुमेह : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जूनमध्ये आमच्या ९ वर्षांच्या मुलीला व्हायरल ताप आला. तीन आठवड्यांनी तिची साखर ४८० निघाली आणि टाइप १ मधुमेहाचं निदान झालं. त्या तापानेच हे झालं का? धाकटा भाऊ ४ वर्षांचा आहे, त्यालाही होईल का?
— एक आई, डिचोली

उत्तर : जूनचा ताप बहुधा निमित्त ठरला. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं आतल्या आत चालू असतं आणि उरलेल्या पेशी कसंबसं भागवत असतात. अशात ताप आला की अंगात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, इन्सुलिन जास्त लागतं आणि तोवर झाकलेलं उघडं पडतं.

विषाणूंवर संशय आहे, पण तो बऱ्याच आधीच्या संसर्गाबद्दल. मुख्य संशयित म्हणजे एन्टेरोव्हायरस, त्यातही कॉक्सॅकी बी गट. बीटा पेशींवर या विषाणूला आत शिरायला लागणारा रिसेप्टर, म्हणजे एक प्रकारचं दार, असतो. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमधल्या ‘टेडी’ अभ्यासात जनुकीय जोखीम असलेल्या मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवलं गेलं. तिथे २०१९ मध्ये असं दिसलं की ज्यांच्या शौचाच्या लागोपाठच्या नमुन्यांत एन्टेरोव्हायरस बी सापडत राहिला, त्यांच्यात बीटा पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी जास्त वेळा निर्माण झाल्या. थोडक्यात येऊन गेलेल्या संसर्गाचा तसा संबंध दिसला नाही. पावसाळ्यात बालवाडीत पसरणारा हात-पाय-तोंडाच्या फोडांचा आजार बहुतेकदा कॉक्सॅकी ए गटाचा असतो, त्याची या कारणाने धास्ती नको. हे विषाणू असंख्य मुलांना गाठतात, मधुमेह मात्र फार थोड्यांना होतो, कारण त्यासाठी मुळात एचएलए, म्हणजे प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांची ठरावीक ठेवण लागते. मुलीला पावसात भिजू दिलं, शाळेत पाठवलं म्हणून हे झालं, असं मनात असेल तर ते काढून टाका. तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही.

धाकट्याला आयुष्यात टाइप १ होण्याची शक्यता साधारण ५ ते ६ टक्के. रक्तातल्या अँटिबॉडी तपासता येतात : जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ आणि इन्सुलिनविरोधी. यांतल्या दोन किंवा अधिक सापडल्या, तर अशा मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना १० वर्षांत मधुमेह होतो. आधी कळलं तर मूल बेशुद्धीच्या टोकाला जाऊन दवाखान्यात पोचत नाही, हा मोठा फायदा. तपासणी करायची की नाही, हे मुलीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

ती केली नाही तरी एक पक्कं ठेवा. मुलगा घटाघटा पाणी पिऊ लागला, रात्री लघवीला उठू लागला, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं किंवा वजन उतरलं, तर त्याच क्षणी ग्लुकोमीटरवर साखर पाहा. आधी बोट साबण-पाण्याने धुऊन कोरडं करा. आंबा किंवा फणसाचे गरे खाल्लेल्या बोटाला नुसतं सॅनिटायझर लावलं, तर बोटावरची साखर आकड्यात उतरते. आकडा २०० किंवा वर आला तर त्याच दिवशी दवाखाना. ‘उद्या उपाशीपोटी तपासू’ म्हणून थांबण्यातच मुलं कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्ल होण्याच्या जीवघेण्या अवस्थेत, जातात.

प्रश्न : लसींमुळे टाइप १ होतो असं ऐकलं. गोवर-रुबेलाची लस टाळावी का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : टाळू नका. मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही. उलट, आईच्या पोटात असताना रुबेला झालेल्या मुलांमध्ये पुढे मधुमेहाचं प्रमाण जास्त दिसलं आहे, आणि लस नेमका तोच संसर्ग रोखते.

प्रश्न : माझा १२ वर्षांचा मुलगा इन्सुलिनवर आहे. ताप आणि उलट्यांमुळे तो जेवत नव्हता, म्हणून आम्ही इंजेक्शन दिलं नाही. साखर २३० च होती, तरी दुसऱ्या दिवशी त्याला आयसीयूत ठेवावं लागलं. असं का?
— एक वडील, पेडणे

उत्तर : ही समजूत घरोघरी आहे आणि ती जिवावर बेतते. इन्सुलिन फक्त जेवणासाठी नसतं. ते नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारे कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साठतात, रक्त आम्ल होतं. पोटात काही नसल्यामुळे साखरेचा आकडा फार चढत नाही आणि घरचे गाफील राहतात.

दीर्घकाळ चालणारं, म्हणजे बेसल इन्सुलिन आजारात कधीच बंद करायचं नाही. साखर उतरत असेल तर डॉक्टर ते कमी करतील, शून्य नाही. दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा, साखर पाहा आणि कीटोनही तपासा. रक्तातले कीटोन ०.६ च्या खाली असले तर ठीक. ०.६ ते १.५ असतील तर दिवसभराच्या एकूण डोसच्या ५ ते १० टक्के, १.५ च्या वर १० ते २० टक्के जलद इन्सुलिन जादा लागतं. म्हणजे दिवसाला ३० युनिट घेणाऱ्याला १० टक्क्यांनी ३ युनिट. तुमच्या मुलासाठीचे आकडे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन फ्रिजवर चिकटवा. लघवीच्या पट्ट्या वापरत असाल तर डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, पावसाळी दमट हवेत त्या खराब होऊन खोटा निकाल देतात.

कीटोन आहेत पण साखर कमी आहे, अशा वेळी घोट घोट ओआरएस किंवा साखर घातलेली पातळ पेज द्या, म्हणजे इन्सुलिन देता येतं. उलट्या २ तासांहून जास्त चालल्या, कीटोन ३ च्या वर गेले, श्वास खोल आणि जलद झाला किंवा मूल गुंगीत जाऊ लागलं, तर घरी काही करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि ‘टाइप १ मधुमेह आहे, कीटोन वाढलेत’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.