शून्याचं काम आणि फुकटचा फोन

प्रश्न : आमचा साताऱ्याचा लँडलाइन नंबर सहा आकडी, मुंबईच्या दिराचा आठ आकडी. असं का? आणि 1800 फुकट, मग 1860 ला पैसे का कापले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, शहराच्या कोडआधीचं शून्य बाजूला ठेवा आणि आकडे मोजा. मुंबईचा कोड 22 आणि पुढे आठ. सातारा 2162 आणि पुढे सहा. दोन्हीकडे बेरीज दहाच. मोठ्या शहराला फोन जास्त लागतात, म्हणून त्याचा कोड आखूड. पुण्याला 20, कोल्हापूरला 231. आमच्या एक्स्चेंजमध्ये टेबलाच्या काचेखाली ही यादी असायची. निम्मी तरी आजही तोंडपाठ आहे. शून्य हा कोडचा भाग नाहीच. ‘कॉल गावाबाहेरचा आहे’ एवढंच ते यंत्राला सांगतं. म्हणून परदेशातून लावताना 91 नंतर ते गाळायचं.

1800 ला मात्र गावच नसतं. तुम्ही नंबर फिरवला की यंत्रणा आपल्या नोंदीत पाहते, त्यामागचा खरा नंबर शोधते आणि कॉल तिकडे वळवते. तो मुंबईत वाजेल, नाहीतर इंदूरला. फुकट म्हणाल तर तुमच्यापुरतं; बिल फोन उचलणारी कंपनी भरते. 1860 मध्ये लोकल कॉलचे पैसे तुमच्या माथी, वरचे कंपनीच्या. ‘कृपया प्रतीक्षा करा’ ऐकत बसलात तरी मीटर चालूच! कंपनीच्या पत्रावर दोन्ही नंबर असतील, तर बिनदिक्कत 1800 लावा.